सगळ्यात फास्ट बोटं

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो. तसाही हा किस्सा घाटकोपरात माझ्याआधी पोचलाय, तोही तिखटमीठ लावून. मूळ माल माझ्याकडूनच घ्या.

मी बेंजोवाला. म्हणजे आपला मिरवणुकीतला बेंजो हो, आडवा, बटणांचा. एरवी ऑफिसात फायली आणि गणपतीत आमची बेंजो पार्टी, वीस वर्षं! माझी बोटं सुटली की पुढे नाचणारे दमून फुटपाथवर बसायचे. ‘घाटकोपरची सगळ्यात फास्ट बोटं’ असं लोक म्हणायचे. खरं तर आधी मीच म्हणायचो, मग लोक म्हणायला लागले.

माझा पुतण्या तन्मय पवईला कॉम्प्युटरवर काम करतो आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवतो. एके दिवशी पेढे घेऊन आला.

“काका, आमच्या पॉवर मेटलचा पहिला अल्बम येतोय!”

पॉवर मेटल म्हटल्यावर मला वाटलं, पोराने ग्रिल-शटरचं दुकान काढलं. अल्बम म्हणजे उद्घाटनाचे फोटो असणार.

“झकास! आधी आमच्या खिडकीची जाळी करून दे.”

त्याने कपाळाला हात लावला. मग समजावलं, की हा गाण्याचा प्रकार आहे. तलवारी, गरुड, वादळं, वरच्या पट्टीत किंचाळणारा गायक आणि सुसाट गिटार. अल्बमचं नाव ‘पोलादी पंख’. अंधेरीच्या एका हॉलमध्ये पहिला कार्यक्रम होता. त्याने पोस्टर दाखवलं. तन्मयचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘मुंबईतली सगळ्यात फास्ट बोटं’.

माझी पदवी! आणि घाटकोपरवरून थेट अख्ख्या मुंबईवर!

“शेवटच्या गाण्यात तू माझ्यासोबत बेंजो वाजवायचास,” तन्मय म्हणाला. “गिटारचाच तुकडा, अर्ध्या मिनिटाचा. मोठ्या शोचे आयोजक येणारेत रे ऐकायला. हा चान्स गेला तर आमचं काही खरं नाही.”

मी हो म्हटलं. त्याने स्टुडिओतल्या स्पीकरसमोर फोन धरून गाणं व्हॉइस मेसेजने पाठवलं. मी ऐकलं आणि मटकन खाली बसलो.

ही माणसाची बोटं आहेत की शिलाई मशीन? गायक काय म्हणतोय त्यातलं एक अक्षर कळेना. इंग्लिश असावं. गाणं संपल्यावर तन्मय बोलला होता, तेही “काकाकसंवाटलंसांगहां” असं एका दमात. हल्लीच्या पोरांना श्वास घ्यायलाही सवड नसते, म्हटलं.

मग माझी साधना सुरू झाली. बायको महिनाभर मुलुंडला होती, तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिथून ती रोज पाच-पाच मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवायची. ते ऐकायची माझी एक पद्धत आहे, ती पुढे येईलच. घरात मी एकटा, त्यामुळे ऑफिसातून आलो की बेंजो! बोटं मिठाच्या गरम पाण्यात बुडवायची, पुसायची की पुन्हा बेंजो. खालच्या मजल्यावरचे सावंत वर आले.

“काय रे, मिक्सर बिघडलाय काय?”

तन्मय रिहर्सलला बोलवत होता. मी कसा जाणार? त्याच्यापुढे बोटं अडखळली तर वीस वर्षांची अब्रू गेली ना! कधी पाठ धरली, कधी ऑडिट आलं. शेवटी मी त्याचे फोन उचलणंच बंद केलं. फक्त एकदा लिहिलं, ‘केवढा स्पीड रे बाबा!’ त्याचं उत्तर आलं, ‘काका, सोपंय ते.’

सोपंय! त्या शब्दाने मी पेटलो. चार आठवड्यांत तो तुकडा बसवला, अगदी फोनमधल्या गाण्याच्या बरोबर. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा बरोबर संपला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

कार्यक्रमाचा दिवस. हॉल भरलेला, सगळे काळ्या टी-शर्टात. मी सफारीत. बायको मुलुंडहून येऊन दुसऱ्या रांगेत बसलेली. शेवटचं गाणं सुरू झालं. मला वाटलं, पोरं आधी हळू वाजवून हात मोकळे करतायत. गायकाने तोंड उघडलं आणि मला पहिल्यांदा कळलं की गाणं मराठीत आहे.

तेवढ्यात तन्मयने मान हलवली. माझा तुकडा! मी सुटलो.

तुम्ही ते बघायला हवं होतं. मी पुढे, तन्मय मागे. ड्रम वाजवणारी मुलगी बिचारी मला गाठायला धावली आणि तिच्या हातातली काठी उडाली. बासवाल्याने हात वर केले. अर्ध्या मिनिटाचा तुकडा मी पंधरा सेकंदांत संपवला आणि नमस्कार करून उभा राहिलो. गाण्याची पार वाट लागली. हॉल मात्र नुसता ओरडत होता, “काका! काका!”

मी खाली उतरल्यावर पोरांनी ते गाणं पुन्हा सुरुवातीपासून, सुंदर वाजवलं. पण नंतर स्टेजमागच्या खोलीत बायको आली आणि तिच्यामागून आयोजक आले ते थेट माझ्याकडे.

“काका, डिसेंबरात मोकळे आहात का?”

तन्मय गिटार पुसत होता. वर न बघता म्हणाला, “काका, पोस्टरवर माझा फोटो होता रे.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आयोजकांना म्हटलं, “अहो, तुकडा याचा आहे. मी फक्त त्याच्या रेकॉर्डिंगवरून घोकलाय. हे ऐका.” आणि फोनवर गाणं लावलं.

तन्मयने दोन सेकंद ऐकलं, मग स्क्रीनकडे बघितलं.

“काका, हे अजून टू एक्सवरच आहे.”

“म्हणजे?”

“दुप्पट स्पीड. कोणी केलं हे?”

मीच केलं होतं, दोन वर्षांपूर्वी. बायकोचे मेसेज लवकर संपावेत म्हणून! हीच ती पद्धत. आयोजक हसून हसून खुर्चीत बसले आणि नंबर तन्मयचा घेऊन गेले, एवढं एक बरं झालं. बायको हसली नाही.

“अहो, म्हणजे माझे मेसेज...?”

तिने माझा फोन घेतला, स्पीड साधा केला आणि आठ दिवसांपूर्वीचा स्वतःचा मेसेज सगळ्यांसमोर लावला. आईचा गुडघा, फिजिओथेरपीवाली, भावजयीने आमटीत घातलेला गूळ. आणि चौथ्या मिनिटाला, शांत, स्पष्ट आवाजात:

“हां, आणि तन्मयचा फोन होता. तुम्ही उचलत नाही म्हणून मला केला. म्हणाला, काकाला फोनमधला स्पीड बघायला सांग, गाणं एवढं फास्ट नाहीये. बघाल ना?”

त्याखाली माझं उत्तर होतं.

‘हो, येताना आणतो.’