पिवळ्या पेटीची आण

आमच्या पक्षाच्या सभेत व्यासपीठावर बसायला माणसांची कधी ददात पडली नाही. चढण चढायची वेळ आली की मात्र सगळ्यांचे गुडघे दुखायचे. हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाडीत पक्ष नेला तो हैबतीनं, आणि त्याचं नाव कुठल्याही पत्रकात छापून आलं नाही. म्हणून मी सांगतो. मी ज्ञानू, हिर्डोशीचा भातवाला शेतकरी. त्या वेळी मी पक्षाचा सभासद होतो आणि पक्षावर माझा आंधळा जीव होता.

संस्थान विलीन व्हायच्या आधीच्या वर्षांतली ही गोष्ट. संस्थानच्या कायदेमंडळाची निवडणूक लागली होती. रानातल्या चराईची पट्टी भरणाऱ्यालाही त्या साली मताचा हक्क मिळाला, त्यामुळे आजवर ज्यांना कुणी रामराम घातला नव्हता त्या वाडीतल्या लोकांना अचानक भाव आला.

हैबती वाडीतल्या बिरोबाचा पुजारी. काळा, उंच, बोलायला महाकंजूष. म्हशी, शेळ्या, डोंगराची उतरण आणि बायको पारूबाई, एवढा त्याचा संसार. लेकरू झालं नाही, आणि त्याबद्दल त्यानं तिला कधी उणं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. तो पक्षात आला तो रानापायी. सावळाराम नावाच्या कोळशाच्या ठेकेदारानं वाडीच्या डोक्यावरचं अर्धं रान तोडून भट्ट्या पेटवल्या होत्या आणि तिकडं गुरं फिरकू देत नव्हता. उरलेलं अर्धं त्याला मिळालं की वाडी उठणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. भोरच्या सभेत आमचे उमेदवार आनंदराव वकील म्हणाले, आम्ही निवडून आलो की उरलेल्या रानाला ठेकेदाराचा हात लागू देणार नाही. हैबती सभेत मागं उकिडवा बसला होता. उठला आणि म्हणाला, वाडीची सगळी मतं तुमची.

लोकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून प्रत्येक पक्षाला रंगाची पेटी दिली होती. आमची पिवळी. समोर भोंगवलीचे चिमाजी उभे होते, त्यांची लाल. पिवळा रंग मिळाल्याचं वाडीला काय कौतुक! भंडाऱ्याचा रंग, म्हणजे पेटी देवाचीच, असं म्हाताऱ्यांनी ठरवूनच टाकलं.

पण वकिलाचं कौतुकावर भागणार नव्हतं. त्यानं हैबतीला सांगितलं, लोकांकडून भंडार उचलून घे. बिरोबापुढं चिमूटभर भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे वाडीत शेवटचा शब्द. तो मोडणारा माणूस वर्ष बघत नाही, वर्षाच्या आत मरतो, अशी त्यांची श्रद्धा. हैबती का-कू करत होता. मतासाठी देवाला कशाला शिणवायचं, असं त्याचं म्हणणं. वकिलानं तासभर समजूत घातली, मीही घातली, तेव्हा तो तयार झाला. आण घालताना त्यानं वकिलाचं नाव घेतलं नाही. नाव लोकांच्या ध्यानात राहत नाही, रंग राहतो, असं तो म्हणाला, आणि ते मला पटलं. ‘माजं मत पिवळ्या पेटीत’ एवढंच म्हणून आधी त्यानं स्वतः भंडार उचलला. मग घरटी एक कर्ता पुरुष पुढं आला आणि त्यानंही उचलला.

पुढं काय झालं ते आजही सांगताना माझं डोकं फिरतं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी आनंदरावांनी डोंगराकडची जागा सोडली. त्यांना भोर शहरातली जागा हवी होती, तिथली मतं सावळारामाच्या सोयऱ्यांच्या मुठीत होती. सोयऱ्यांनी ती वकिलाला देऊ केली, बदल्यात सावळाराम पक्षात आला आणि डोंगराकडची पिवळी पेटी त्याच्या नावावर झाली. एका दुपारच्या बैठकीत सगळं आटोपलं. आम्हाला बाजारात कळलं, तेही एका तंबाखूवाल्याकडून.

मी आणि हैबती तसेच वकिलाच्या घरी गेलो. वकील जेवून ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं, पाणी मागवलं. पक्ष माणसापेक्षा मोठा असतो, राजकारणात दोन पावलं मागं यावं लागतं, सावळारामही आता आपलाच, वगैरे त्यांनी सांगितलं. हैबती पायरीवरच उभा होता.

“आन सोडवा वकीलसायेब,” तो म्हणाला. “तुमच्यापायी घातली व्हती.”

वकिलांनी अडकित्ता खाली ठेवला.

“माझ्यापायी कुठं? मी चौकशी केली आहे. तुम्ही लोकांनी माणसाची आण घेतलीच नाही, हैबती. पेटीची घेतली. पेटी जागेवर आहे.”

हे त्यांनी हसत सांगितलं. हसले नसते तर कदाचित मी इतका पेटलो नसतो. मी छातीवरचा पक्षाचा बिल्ला काढून त्यांच्या तबकात टाकला आणि तोंडाला येईल ते बोललो.  पाण्याच्या तांब्याला हैबतीनं हातही लावला नव्हता.

मी तडक भोंगवली गाठली आणि चिमाजींना म्हटलं, रानाचं काय ते खरं सांगा. ते अघळपघळ बोलणारे गृहस्थ नव्हते. ठेक्याच्या विरोधात हात वर करीन, एवढं ते म्हणाले, आणि मी त्यांच्या बाजूनं मतदानाच्या ठिकाणी प्रतिनिधी म्हणून बसायचं कबूल केलं. पण वाडीचं काय? पिवळ्या पेटीत मत टाकलं तर रान जाणार, लालीत टाकलं तर आण मोडणार. वाडी अडकित्त्यात सापडली होती. मत न टाकावं तरी शब्द मोडतोच.

मतदानाच्या दिवशी उजाडताच मी वर गेलो. बिरोबाच्या ठाण्यापुढं सगळे पुरुष जमले होते आणि बायका घरांच्या आडोशाला उभ्या होत्या. म्हातारा हरिबा म्हणत होता, रान गेलं तरी चालेल, देवाशी खोटं नको. एक तरणा गडी त्याच्यावर तुटून पडला, रान गेल्यावर देवाला निवद कशाचा दाखवणार म्हणून. मारामारी व्हायचीच बाकी होती. तेवढ्यात हैबती ठाण्यापुढं बसला आणि त्यानं ओंजळ पुढं केली.

भंडार उचलायला लावणाऱ्याला तो माघारी घेता येतो, अशी त्यांच्यात रीत आहे. ज्यानं उचलला त्यानं चिमूट परत ओंजळीत टाकायची. तो माणूस मोकळा झाला आणि मोडल्या शब्दाचं जे काय व्हायचं ते माघारी घेणाऱ्याचं व्हायचं. रीत सगळ्यांना ऐकून माहीत होती. करताना कुणी कुणाला पाहिलं नव्हतं, कारण असा खुळा कोण असतो?

“टाका,” हैबती म्हणाला. “तुमची समद्यांची माज्या एकल्याच्या जिवावर. घरादारावर न्हाई, जितराबावर न्हाई. देवा, ऐकलंस न्हवं?”

कुणी हलेना. मघाचा तरणा गडी तर मान खाली घालून रडायला लागला. मग हैबतीनं एकेकाचं नाव घेऊन बोलावलं. माणसं आली, चिमूट टाकली, त्याच्या पायाला हात लावून बाजूला झाली. हरिबा काही येईना. शेवटी हैबतीच ओंजळ घेऊन त्याच्यापुढं गेला आणि उभा राहिला. म्हाताऱ्यानं डोळे मिटून चिमूट टाकली. निम्मा भंडारा खाली सांडला. मला मतदान सुरू व्हायच्या आत खाली पोचायचं होतं, म्हणून मी तिथून निघालो. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती, ते का लपवू?

वरच्या वाडीसाठी मतदानाची जागा वेगळी होती, घाटाच्या पायथ्याच्या धर्मशाळेत. दारातच सावळारामाची माणसं काठ्या टेकून उभी, आणि त्यांच्यात आनंदराव वकील, कपाळाला भंडारा फासून. कधी नव्हे तो! वाडीचे लोक रांगेनं आले. वकील प्रत्येकाला हात जोडून हळूच म्हणत होते, भंडार ध्यानात आहे ना? लोक त्यांच्याकडं न पाहता आत जात होते. पडद्याआड दोन पेट्या होत्या.  कोण घाबरेल, कोण कच खाईल, काही सांगता येत नव्हतं. हरिबा तर आत इतका वेळ होता की अधिकाऱ्यानं दोनदा हाक मारली. हैबती सगळ्यात शेवटी आला, आत गेला, लगेच बाहेर आला आणि डोंगर चढायला लागला.

मोजणी भोरला झाली. धर्मशाळेतल्या पेट्या उघडल्या तेव्हा वकील माझ्या समोरच बसले होते. लाल पेटी टेबलावर ओतली, कागदांचा ढीग पडला. पिवळी उघडली आणि उलटी केली. आतून एकच कागद पडला. अधिकाऱ्यानं पेटीत हात घालून चाचपून पाहिलं, आणखी काही नव्हतं. वकिलांनी कपाळ पुसलं. संध्याकाळपर्यंत सावळाराम पडल्याचं जाहीर झालं. वकीलही शहरात पडले, ते का ते मला माहीत नाही. सोयऱ्यांनीच पाडलं असं लोक म्हणत.

दुसऱ्या दिवशी मी गुळाची ढेप घेऊन वाडीत गेलो. तो एक कागद माझ्या डोक्यातून जात नव्हता. हरिबानंच कच खाल्ली असणार, अशी माझी खात्री होती, आणि मी गमतीनं तसं म्हणालोही. म्हातारा केवढा चिडला! त्यानं बिरोबाकडं हात करून सांगितलं, मी लालीतच टाकलं. मग दुसरा म्हणाला, मीही. तिसरा म्हणाला, मीही. सगळे एकमेकांकडं संशयानं बघायला लागले.

हैबती म्हशीखाली बसून धार काढत होता. हात न थांबवता म्हणाला, “माजं हाय त्ये.”

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर माझा तोल गेला. ज्यानं तुझं रान पेटवलं, ज्याच्यापायी तू जीव टांगणीला लावलास, त्यालाच मत दिलंस? मी त्याला खुळा म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं.

“समद्यांची म्या घेतली,” तो म्हणाला. “माजी कुनी घ्यायची?”

चुलीपाशी पारूबाई बसली होती. ती आमच्यात कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

“म्या घेत व्हते की, भावजी. तुमी खाली गेल्यावर म्या पदर पसारला ह्यांच्याफुडं. म्हनलं, तुमची मला द्या. तर मला म्हनले, बाईला मत न्हाई, बाईला आन देता येत न्हाई.” तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. “अशी कुटं रीत न्हाई. त्ये खोटं बोलले. देवाच्या दारात.”

हैबतीनं चरवी उचलली आणि तो पलीकडच्या म्हशीकडं गेला.  मी गूळ फोडला, पण कुणी खाल्ला नाही.

मोडल्या आणेचं वर्ष अजून सगळं पुढं होतं. वाडीत कुणी काही ठरवलं नाही, बैठक बसली नाही. पण दुसऱ्या सकाळी हैबती म्हशी घेऊन रानात निघाला तेव्हा हरिबा काठी घेऊन त्याच्या पुढं चालायला लागला. पालापाचोळ्यात काठी आपटत, जनावर असलं तर आधी आपल्याला डसावं म्हणून. हैबतीनं त्याला परत जायला सांगितलं, शिव्याही दिल्या. म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी तो तरणा गडी गेला, तिसऱ्या दिवशी आणखी कुणी. वर्ष फिरेपर्यंत, पावसात, धुक्यात, लाल पेटीत मत टाकलेला एक ना एक माणूस रोज त्याच्या पुढं चालत होता.