पहिल्या हाकेला ओ नाही

दादा गेले तेव्हा मी रडले नाही. छातीत कळ आली म्हणून त्यांना जीपमध्ये घालून मंचरला नेलं आणि दवाखान्याच्या दारातच सगळं आटोपलं. अवसरीला घरी आणल्यावर बायकांनी आकांत मांडला. मी मात्र पाहुण्यांच्या चपला वाटेतून बाजूला सारत होते. बाप अंगणात निजलेला आणि लेक मोरीत कप विसळतेय, हे लोकांनी पाहिलं आणि लक्षातही ठेवलं.

दहावं झालं, तेरावं झालं. मावशी माझ्यासमोरच आईला म्हणाली, "ही पोर अजून रडली न्हाय. आत साठलं की मानूस इस्कटतं, सांगून ठिवते." आईनं ते मनाला लावून घेतलं. भाजी परतता परतता ती मधेच थांबायची आणि माझ्याकडं बघत राहायची. "रड की गं एकदा," म्हणायची, तापात गोळी घे म्हणावं तसं. माझी रडायला ना नव्हती. येतच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, येत नाही याचंही काही वाटत नव्हतं. आपण आता कायमच्या अशाच राहणार का, हा प्रश्न मला पडायचा, पण तोसुद्धा दुसऱ्या कुणाबद्दल असावा तसा.

पुण्याला कामावर परतले तर साहेबांनी मला उलट गावालाच धाडलं. आमची कंपनी लहान. दूध डेअरीत ठेवायचं एक यंत्र आम्ही बनवत होतो. पडद्यावर बोट लावून गवळ्याचं नाव निवडायचं, लिटर टाकायचे, झालं. त्या पडद्याचा ड्रायव्हर माझ्याकडं होता. "मी ड्रायव्हर लिहिते," असं पूर्वी एकदा घरी सांगितलं तेव्हा चुलते म्हणाले होते, "गाडी चालवायची सोडून लिवत कशाला बसायचं?" ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा मेंदू आणि बोटाचा स्पर्श ओळखणारी चिप, या दोघांमधला निरोप्या. एवढंच काम, पण तो चुकला तर बाकीच्यांचं शहाणपण वाया.

यंत्र चाचणीसाठी आमच्याच गावच्या डेअरीत ठेवलं होतं, कारण लोडशेडिंग आमच्याकडं फुकट आणि मुबलक होतं. वीज गेली की यंत्र बॅटरीवर जायचं आणि बॅटरी वाचवायला पडद्याची चिप गाढ झोपी जायची. संध्याकाळचं दूध घालायच्या वेळी डेअरीवाला बटण दाबायचा. पडदा लख्ख उजळायचा. पण बोट लावलं तर ढिम्म. एकदा असं झालं की सगळं बंद करून पहिल्यापासून चालू करावं लागे, तोवर किटल्यांची रांग रस्त्यापर्यंत. पुण्यात माझ्या टेबलावर हे कधीच झालं नव्हतं. तिथं वीज जात नसे आणि मी त्या चिपला डोळा लागू देत नव्हते.

"ताई, दिसतंय समदं, पन वळकत न्हाय बगा कुनाला," डेअरीवाला म्हणाला.

मी पहाटेच्या दुधाला जाऊन बसायची, संध्याकाळच्या दुधाला जाऊन बसायची. लोक माझ्याकडं बघून आवाज खाली करायचे. मधल्या वेळात घरी झोपायची, नाहीतर भिंतीकडं बघत पडायची. आई शेजारी बसून कांद्याची पात निवडायची.

दादा असते तर घरात इतकी शांतता राहिली नसती. ते शेतातून दिवेलागणीला यायचे आणि कुंपणापाशीच हाक मारायचे, "पोरी!" त्या हाकेला मी कधी ओ दिली नाही. आमच्याकडं लहान पोरांना शिकवूनच ठेवतात, अंधार पडल्यावर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. भूत एकदाच हाक मारतं, माणूस परत मारतो. दादांना ते माहीत होतं, किंबहुना त्यांनीच शिकवलं होतं. मग ते टाकीवर पाय धुवायचे, खाकरायचे, आणि पुन्हा म्हणायचे, "पोरी!" तेव्हा मी ओ देऊन पळत सुटायची. मी इंजिनिअर झाले, पगार मिळवू लागले, तरी सुट्टीला घरी असले की हे असंच चालायचं. भुताखेतावर आमचा दोघांचाही विश्वास नव्हता. पण मोडायचं कशाला?

एका सकाळी डेअरीत यंत्र पुन्हा तसंच आंधळं जागं झालं. मी लॅपटॉप जोडला आणि माझ्या हातानं चिपला एक निरोप पाठवला. उत्तर नाही. चिप गेली, असं ठरवून ती बदलायची म्हणत होते, तेवढ्यात एक म्हातारबा धोतराच्या सोग्यानं पडदा पुसायला लागले. बोटं ओलीगच्च.

"बाबा, हात काढा, पाणी जाईल आत."

"पानी न्हाय गं, दूद हाय. निरसं."

"दूधसुद्धा चालत नाही."

"दुदाच्या मशिनीला दूद चालंना? लई नाजूक हाय मंग."

लोक हसले. म्हातारबांची समजूत काढून मी परत लॅपटॉपकडं वळले आणि सवयीनं तोच निरोप पुन्हा पाठवला. चिपनं उत्तर दिलं.

मग उलगडा व्हायला वेळ लागला नाही. गाढ झोपेतल्या चिपला पहिला निरोप पोचतो, पण तिच्यासाठी ती नुसती चाहूल असते. त्यानं ती जागी होते, उत्तर द्यायला मात्र अजून शुद्धीवर आलेली नसते. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ तिला द्यावा लागतो आणि मग पुन्हा बोलवावं लागतं. मी लिहिलेला ड्रायव्हर तापट निघाला होता, अगदी माझ्यासारखा. पहिल्यांदा उत्तर आलं नाही की चिप नाहीच असं समजून तो पाठ फिरवायचा आणि नंतर तिच्याशी बोलायचाच नाही. ती बिचारी तिकडं थोडा वेळ टक्क जागी, आणि कुणी बोलेना म्हणून परत गाढ झोपेत.

चार ओळी बदलल्या. हाक मार, उत्तर नाही आलं तर रागावू नकोस, जरा थांब, परत मार. यंत्र झोपवलं, उठवलं, परत झोपवलं, परत उठवलं. दरवेळी बोट लागलं. डेअरीवाल्यानं मला चहा पाजला. एरवी अशी गाठ सुटली की मी दिवसभर हवेत असते. त्या दिवशी चहा गोड आहे एवढंच कळलं.

दुपारी जेवताना आईनं विचारलं, "झालं का गं तुझं मशीन?"

मी तिला सांगितलं. पहिल्या हाकेला ते नुसतं जागं होतं, ओ देत नाही. थोडं थांबून दुसरी मारली की देतं. आईनं भाकरी ताटात वाढली.

"आन् आदी कुनी दुसरी मारतच नव्हतं व्हय त्याला?"

"नाही."

"तुमी शिकलेली मानसं," एवढंच म्हणून ती उठली. मीही हात धुवून भिंतीकडं तोंड करून पडले.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि घरात वीज नव्हती. आई म्हशीला पेंड ठेवायला गेली असावी. मी तशीच पडून होते. कुंपणापाशी कडी वाजली आणि हाक आली, "पोरी!"

आवाज आईचा होता. आई कधी कुंपणातून हाक मारत नसे. ते दादांचं काम. मी ओ दिली नाही. काही ठरवून नव्हे, इतक्या वर्षांची सवयच तशी. छातीत मात्र काहीतरी उठून बसलं.

टाकीवर पाणी पडल्याचा आवाज आला. ती सावकाश पाय धूत होती. मग खाकरली. मी अंधारात कान देऊन बसले होते. हाक नाही आली तर, असं मनात आलं, आणि मला भीती वाटली. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी वाटलं.

"पोरी!"

"ओ," मी म्हणाले, आणि त्या ओ बरोबरच रडू फुटलं. उंबऱ्यापर्यंतही मला जाता आलं नाही. आईच ओल्या पायांनी आत आली, खाली बसली आणि माझं डोकं तिनं मांडीवर ओढून घेतलं.

"तू कवा रडशील त्येचेच दिस मोजत व्हते मी," ती म्हणाली. तिचाही आवाज फाटला होता. "हाक तर रोजच मारत व्हते तुला. पन तुझ्या बापावानी थांबून दुसरी मारायचं आजपत्तुर न्हाय सुचलं."