वाटणीतले होल्डर

आम्हा दोघा भावांची वाटणी मामाने केली. मामाचा सगळा जन्म लासलगावच्या कांदा मार्केटात गेलेला, त्यामुळे ढीग दिसला की निम्मा करायचा, एवढंच त्याला ठाऊक. सातपूरच्या घरामागच्या शेडमधलं लेथ मशीन माझ्याकडे आलं, ड्रिल आणि वेल्डिंग धाकट्याकडे. इथवर ठीक होतं. मग मामाची नजर फळीवरच्या टूल होल्डरांवर गेली आणि त्याने हाताने रांग मधोमध तोडली. "हे तुझे, हे त्याचे."

ते होल्डर बाजारातले नव्हते. लेथवर हत्यार बदललं की ते बरोबर उंचीला येईपर्यंत खाली पत्र्याचे तुकडे सरकवत बसावं लागतं. त्या कटकटीला वैतागून आम्ही दोघांनी प्रत्येक हत्याराला स्वतःचा पोलादी ठोकळा केला होता. ठोकळ्याला मागून खाच, लेथवर हत्यार धरणाऱ्या पोस्टला तशीच जीभ. सरकवला, आवळला, की काम सुरू. माप आमचं आम्हीच धरलेलं. दुसऱ्या कुठल्याही लेथवर ते बसणार नव्हते, आणि हे धाकट्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

"तुला काय उपयोग रे त्यांचा?" मी विचारलं.

"कानस मीपण मारलीय, दादा," तो म्हणाला आणि त्याने पिशवी भरली. मला रोज लागणारे होल्डर नेमके त्याच्या निम्म्यात गेले.

माझं डोकं फिरलं. द्राक्षबागेच्या ब्लोअरचा शाफ्ट करायला घेतला की पुन्हा तेच पत्र्याचे तुकडे, आणि तुकड्यागणिक त्याच्या नावाने शिव्या. शेवटी एका रविवारी मी पोस्टची जीभच घासून बारीक केली आणि नव्या मापाचे होल्डर करायला घेतले. माझ्या वाटणीचे जुनेही त्यात भंगार झाले. झाले तर झाले. उद्या तो पिशवी घेऊन तोरा मिरवत आलाच, तर माझं त्याच्यावाचून अडत नाही हे त्याला दिसायला हवं होतं.

तो आला, पण तोरा नव्हता. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी पिशवी घेऊन आला. सगळे होल्डर तेल लावून पुसलेले. "आपली हत्यारं दोन घरी पुजायची नाहीत, दादा," म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत त्याने एक होल्डर पोस्टवर सरकवला. तो खडखडला. त्याने काढून घेतला, जिभेवरून बोट फिरवलं. कारागीर माणूस, त्याला सांगावं लागलं नाही.

"आधी यायला काय झालं होतं तुला?" मी ओरडलो. चूक त्याचीच, असं मी आजही म्हणतो.

त्याने होल्डर पुन्हा पुसून पिशवीत ठेवला आणि दारात चपला घालायला वाकला. थांब म्हणावंसं फार वाटलं. ते तोंडातून निघून जाऊ नये म्हणून मी लेथचं बटण दाबलं. लोखंड पकडणाऱ्या चकमध्ये काहीच लावलेलं नव्हतं.