पदराखाली भरलेला चुडा

तुमच्यातल्या धाकटीने लिहिलं आहे की ती जिथे काम शिकते त्या ब्यूटी पार्लरमध्ये आधी गिऱ्हाइकाला बाजूला बसवून विचारतात, कातडीचा काही त्रास आहे का, आणि मगच हात लावतात. वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी कोणी विचारत नसे आणि बाजूला तर कोणी बसवतच नसे. नटणं-सजणं सगळं चार बायकांच्या देखत. त्यावरून माझ्या चुड्याची हकीकत लिहिते. तुमच्या आईला ती अर्धीच ठाऊक आहे.

मला लहानपणापासून इसब होता, दोन्ही मनगटांवर. थंडीत दबायचा, उन्हाळ्यात उठायचा. कातडी जाड आणि काळपट व्हायची, चिरायची, खाजवलं की पाणी सुटायचं. अमरावतीला वसतिगृहात राहून मी मॅट्रिकपर्यंत शिकले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला या रोगाचं इंग्रजी नाव सांगितलं होतं, आणि तो एकाचा दुसऱ्याला होत नाही हेही. पण आमच्या किन्हीराजा गावात त्या इंग्रजी नावाचा काय उपयोग? हातावर काही दिसलं की बायका एकच शब्द कुजबुजत, 'कोड'. पांढऱ्या डागांपासून महारोगापर्यंत सगळं त्या एका शब्दात बसे. एकदा तो शब्द चिकटला की मुलीचं लग्न मोडलंच.

माझं लग्न वाशीमच्या एका वकिलांशी ठरलं. ते लोक पाहायला आले तेव्हा थंडी होती, हात साफ होते. आईने काही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, आणि शिकलेली असून गप्प राहिले हे मला टोचत होतं. लग्न वैशाखात. चैत्र संपता संपता इसब असा उठला की भाकरी थापणंसुद्धा होईना.

आणि चुडा भरायच्या दिवशी मुलाकडच्या आत्याबाई शालू घेऊन आल्या. जऊळक्याच्या स्टेशनावर उतरून आमच्या छकड्यातून आल्या त्या थेट ओसरीवर. त्याच छकड्यात वाशीमची कासारीणही होती, बांगड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन. ही बाई वाशीमच्या घराघरांत बांगड्या भरायची. तिने पाहिलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळते अशी तिची ख्याती.

आईने घाईघाईने मला आत ओढलं आणि मनगटांवर हळद कालवलेलं शंखजिरं चोपडलं. शंखजिरं म्हणजे मऊ दगडाची पूड, आमची पावडर. डाग झाकले गेले. पण एक गोष्ट आम्ही दोघीही विसरलो. कासारीण बांगडी चढवण्याआधी हाताला तेल लावते.

मी समोर बसले. डाव्या हाताला आत्याबाई, मागे आठ-दहा बायका. कासारणीने माझा हात मांडीवर घेतला, वाटीत बोट बुडवलं आणि मनगटावरून फिरवलं. पिवळा लगदा तिच्या बोटाला आला आणि खालची चिरलेली कातडी उघडी पडली. तिने वर पाहिलं. आई खांबाला धरून उभी.

कासारणीने आपल्या खांद्यावरचा पदर ओढला आणि माझा हात त्याखाली झाकून घेतला.

"हे काय करून राह्यली वो?" एका काकूंनी विचारलं.

"नवरीचा पयला चुडा पदराखालीच भरतेत, बाई. हिरव्या काचेले नजर लवकर लागते."

"आमी तं कधी ऐकलं नाही."

"तुमच्या खेड्यात कोन सांगंन? वाशीमले मोठ्या घरी विचारा."

सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी पान चघळत मान डोलावली. "हो, आमच्यात तशीच रीत हाय."

मग कुणाची बोलायची टाप नव्हती. कासारीण पदराखाली नुसत्या बोटांच्या अंदाजाने काम करू लागली. एरवी ती हात दाबून, अंगठा मुडपून घट्ट मापाची बांगडी चढवायची, बायका ओरडायच्या. माझ्यासाठी तिने एक माप मोठं घेतलं. जिथे चीर होती तिथे आपलं बोट ठेवून वरून काच सरकवली. दर बांगडीला अगदी हळू विचारी, "दुखते काय?" मी मान हलवे. एक बांगडी तडकली. आमच्यात ती फुटली म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. ती वाढलेली तिने बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

पदर काढला तेव्हा हिरव्या काचांखाली मनगट दिसतच नव्हतं.

"ढिल्या नाहीत काय वो?" काकू म्हणाल्या.

"सासरी गेल्यावर भरंन की अंगानं. वकिलाच्या घरी दूध-तुपाले काय कमी हाय?"

बायका हसल्या. आई आत गेली. माझ्या मनावरचं ओझं मात्र उतरलं नव्हतं. संध्याकाळी आत्याबाई मागच्या पायरीवर एकट्या बसलेल्या दिसल्या. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि हात पुढे करून म्हटलं, "आत्याबाई, मला इसब आहे. लग्नाआधी तुम्हाला सांगायला हवं होतं."

त्यांनी बांगड्या वर सारून मनगट निरखलं. "माहीत हाय. त्या बाईचा पदर केवढा विरलेला होता, पोरी. आरपार दिसत होतं सारं."

"मग रीत आहे म्हणून कशाला सांगितलंत?"

"कायची रीत? मी बी आजच ऐकली. ती इतकी सांभाळून करून राह्यली होती, तिले चार बायकांत खोटं काहून पाडू?" मग म्हणाल्या, "आमच्या घरच्या गड्याले इसब होता. वीस वर्सं त्याच्या हातचं पानी पेलो, कोनाले काही झालं नाही. घरी मी सांगीन. राखेनं भांडे घासायचं काम तुले नाही. अन् लग्नाच्या हयदीच्या दिवशी मनगटं सोडून लावा म्हनाव तुह्या आईले, आग होते."

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि सकाळपासून दाबून धरलेली खाज त्यांच्या देखत मनसोक्त खाजवली.

"पुरे आता," आत्याबाई म्हणाल्या, "रगत काढशीन."