समाधीपाशी बंद पडणारी गाडी

नांदूरघाटच्या वीरेश मेकॅनिकला गाडीचं दुखणं आधी धुरावरून कळायचं. सायलेन्सरपाशी उकिडवं बसायचं, डोळे मिटायचे, वास घ्यायचा. गिऱ्हाइकं हसायची. नीलम्माकाकूंच्या गाडीपाशी बसला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

ती गाडी काकूंच्या नवऱ्याच्या, मन्मथप्पांच्या समाधीपाशीच बंद पडायची. लिंगायतांच्या रिवाजानं त्यांना रस्त्यालगतच्या स्वतःच्या शेतात बसवून मातीआड केलं होतं. मुलगा रवि काकूंना डायलिसिसला बीडला घेऊन निघाला, की नेमकी तिथं गाडी आचके द्यायची. मग उतरायचं, समाधीला बेल वाहायचा, बॉनेटला भस्म लावायचं. गाडी चालू.

"आई म्हणती, आप्पा बोलावायलेत," रवि हळूच म्हणाला. "आता बंद पडली की ती तिथंच उतरणार. दवाखाना नगं म्हणती."

"येडा हाईस का बे? आप्पा काहून गाडी अडवतील?"

वीरेशनं स्कॅनर लावला. धुरात ऑक्सिजन किती उरला, हे इंजिनला सांगणारा एक सेन्सर असतो. चांगल्या सेन्सरचा आकडा सारखा खालीवर होतो, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. इथं तो गोठला होता. हवेची नळी काढली, इंजिन फडफडलं, तरी आकडा हलला नाही. गार इंजिन त्या सेन्सरला विचारत नाही. तापलं की विचारतं, अन् खोट्या उत्तरावर जादा पेट्रोल ओढून गुदमरतं. समाधीपर्यंत गाडी तापायची. पूजा होईस्तोवर निवायची.

हे ऐकून रवि इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं.

नवा सेन्सर बसवून पुढच्या डायलिसिसला वीरेशच गाडी चालवायला बसला. शेजारी रवि, मागं काकू. समाधी आली. गाडी सुतासारखी पुढं निघाली.

"वीरेश, थांबव."

"काकू, गाडी नीट झाली हाय."

"म्हणून तर. आता ते कसे थांबवतील?"

त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. रवि वळला. "आई, उतरू नको."

"मी कुठं उतरायले? वीरेश, मागचं डावीकडचं दार उघड."

त्यानं उतरून दार उघडलं. बाहेर ऊन, अन् वाऱ्याविना उभी तूर. काकू पदर आवरून सरकल्या. "ह्यांना संगं यायचं होतं. आमी नुसता बेल वाहून निघून जायचो. बसा."

गाडीची मागची बाजू किंचित खाली गेली. माणूस बसल्यावर स्प्रिंग किती दबते, हे वीरेशला पक्कं ठाऊक होतं. त्यानं दाराला हात लावला. आतून कुणी ओढून घ्यावं तसं ते लागलं.

"चल आता," काकू म्हणाल्या. "उशीर झाला की ती नर्स लई रागावती."

वीरेशनं मागची सीट दाखवणारा आरसा छताकडं फिरवला आणि गाडी बीडच्या रस्त्याला लावली.