गोपनीय रकाना

ते प्रकरण मला पूर्णपणे समजलं, असं मी आजही म्हणणार नाही. पण विसरता मात्र आलेलं नाही. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. गिरगाव भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो.

सोमवारी सकाळची हजेरी आटोपून बसलो, तर ठाणे अंमलदार परळच्या एका गृहस्थांना आत घेऊन आला. त्यांच्या मुलीचं जमत आलेलं लग्न मोडलं होतं. मुलीला लहानपणी फिट्स येत. औषधं बंद होऊनही बरीच वर्षं झाली होती. आमच्या हद्दीतल्या एका विवाह मंडळाच्या वेबसाइटवर फॉर्म भरताना तिने हे 'गोपनीय' रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं. दहा दिवसांनी मुलाच्या घरी निनावी फोन गेला.

"साहेब, बोलणीच्या दिवशी आम्ही स्वतःच सांगणार होतो हो," ते म्हणाले. "आता आम्हीच लपवलं असं झालं."

मंडळात विचारलं, तर अशी ही तिसरी तक्रार होती. फोन इंटरनेटवरून केलेले. नंबर प्रत्येक वेळी वेगळा आणि खोटा.

कोणी फोडल्याशिवाय बातमी बाहेर जात नाही, हे मी नोकरीभर मानत आलो होतो. तो रकाना उघडण्याची परवानगी मंडळात एकाच व्यक्तीला होती: कार्यालय सांभाळणाऱ्या बाईंना. वय पन्नाशीचं, पती हयात नाहीत, राहायला डिलाईल रोडच्या चाळीत. नियमाप्रमाणे स्त्रीची चौकशी तिच्या घरी करायची, म्हणून महिला शिपाई घेऊन आम्ही तिथेच गेलो. पाहता पाहता गॅलरी भरली.

"तुमच्याशिवाय तो रकाना कोण वाचतं?"

"कोणीच नाही."

"मग फोन कोणी केला?"

"मला काय ठाऊक? बावीस वर्षं लोकांच्या पोरींची गुपितं पोटात ठेवलीयत मी, साहेब!"

दोन तास मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. त्यांचा मोबाईल तपासला. काही मिळालं नाही. दुसऱ्याच दिवशी मंडळाने त्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं.

मग सायबर विभागातून एक महिला उपनिरीक्षक मदतीला आल्या. अर्ध्या तासात म्हणाल्या, "सर, या साइटला सर्टिफिकेटच नाही."

मी तडक मंडळाच्या कार्यवाहांना फोन करून सर्टिफिकेट घेऊन बोलावलं. ते भिंतीवरची तसबीर काढूनच आले: मंडळाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, काचेच्या फ्रेममध्ये.

"याची मुदत संपली नाही ना?" मी करड्या आवाजात विचारलं.

उपनिरीक्षक मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. हसू आवरत असणार.

नंतर त्यांनी मला समजावलं. वेबसाइटला एसएसएल नावाचं सर्टिफिकेट असलं, की आपण लिहिलेलं जणू बंद पाकिटातून जातं. नसलं, की पोस्टकार्डावरून. वाटेतल्या कोणालाही वाचता येतं.

"पण वाटेत असतं कोण?" मी विचारलं. पोस्टमनखेरीज माझ्या डोळ्यांसमोर कोणी येईना.

"चला, दाखवते."

मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी मेळावा भरे; तिन्ही तक्रारींतले फॉर्म तिथेच बसून भरलेले होते. तिथल्या वायफायचा पासवर्ड फळ्यावरच लिहिलेला होता. मॅडमनी मला मोबाईलवर फॉर्म भरायला सांगितलं आणि स्वतः लॅपटॉप घेऊन चार खुर्च्या मागे बसल्या. मी 'पाठवा' दाबलं.

"सर, वय छप्पन्न, मधुमेह, आणि घोरता?"

मी चमकून मागे वळलो. मंडळातल्या कोणीही तो फॉर्म अजून उघडला नव्हता.

कार्यवाह चाचरत म्हणाले, "आधी होतं हो ते सर्टिफिकेट. मुदत संपली, तर लोकांच्या मोबाईलवर इशारा यायला लागला. लोक घाबरायला लागले, म्हणून साइटवाल्याला सांगून ते काढूनच टाकलं. मग नुसतं 'सुरक्षित नाही' असं बारीक अक्षरात यायचं. आम्ही म्हणायचो, लक्ष देऊ नका."

पुढच्या रविवारी आम्ही सापळा लावला. एका महिला शिपायाने हॉलमध्ये बसून उपवर मुलगी म्हणून खोटा फॉर्म भरला आणि गोपनीय रकान्यात 'एकच किडनी आहे' असं लिहिलं. आमच्या हवालदाराच्या भाच्याशी तिची पसंती झाल्याचं मंडळाच्या पद्धतीप्रमाणे फळ्यावर लावलं, खाली संपर्कासाठी हवालदाराच्या घरचा नंबर. बुधवारी हवालदाराच्या घरी फोन आला: मुलीला एकच किडनी आहे. हवालदाराच्या बायकोने तो रेकॉर्ड केला.

आवाज कोणाचा, ते मात्र कळेना. शेवटी, काहीसा ओशाळून, मी ते रेकॉर्डिंग कार्यालयातल्या त्याच बाईंना ऐकवलं. पहिल्याच वाक्याला त्यांनी हात वर केला.

"हा आपला शेवटच्या रांगेतला. दर रविवारी जाताना विचारतो, 'बाई, माझं काही जमलं का?'"

अडतीस वर्षांचा, चांगल्या नोकरीतला माणूस. पंचांसमक्ष लॅपटॉप जप्त केला. त्यात सगळ्यांची गुपितं सापडली. त्याने काही नाकारलं नाही.

"मी घटस्फोट झाल्याचं खरं लिहिलं," तो म्हणाला. "चार वर्षं नकार. आणि हे लोक लपवून लग्नं जमवतात!"

"त्यांनी लपवलं कुठे? लिहिलं होतं, म्हणून तर तुला वाचता आलं."

त्याची मान खाली गेली, ती जबाब संपेपर्यंत वर आली नाही.

साइटला नवीन सर्टिफिकेट बसलं. परळच्या मुलीचं मोडलेलं मात्र पुन्हा जुळलं नाही. मुलाकडच्यांना सगळं कळवूनही ते फिरकले नाहीत.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर एका दुपारी मी साध्या कपड्यांत डिलाईल रोडला गेलो. बाईंना म्हटलं, "माझी चूक झाली."

"ते मला ठाऊकच होतं, साहेब," त्या म्हणाल्या. "यांना कोण सांगणार?" आणि त्यांनी गॅलरीकडे बोट केलं.

मी बाहेर आलो. शेजारच्या दारांत बायका उभ्या होत्याच. मोठ्याने म्हणालो, "यांचा काही दोष नव्हता. संशय माझा चुकला. गुन्हेगार यांनीच ओळखून दिला."

ते पाकीट आणि पोस्टकार्ड माझ्या डोक्यात अजून नीट बसलेलं नाही. पण जे आपल्याला कळत नाही, त्याची जबाबदारी आपण समोर दिसेल त्या माणसावर टाकतो, हे त्या गॅलरीत उभं राहिल्यावर मला कळलं. निवृत्तीपर्यंतच्या उरलेल्या महिन्यांत मी कोणाच्याही दारी गणवेशात जाण्याआधी एकदा थांबत असे.