उष्ट्या गोळ्या

चिक्कीचा रिकामा डबा होता. त्यात मॅडमनी गोळ्या भरल्या होत्या.

"अरे, इकडे ये जरा."

व्हरांड्यात पाहुणे जेवायला बसले होते. बंगल्यावर कामाला असलेल्या आईला भेटायला मी आलो होतो आणि पाण्याचा जार उचलून आत ठेवत होतो. बंगल्यावर गेलो की काही ना काही उचलावं लागतंच.

"तुझ्या आईला बीपी आहे ना? हे घे. साहेब गेले, त्यांच्या गोळ्या उरल्यात. महागाच्या आहेत, फेकवत नाहीत."

एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "अशा कुणाच्याही कुणाला देतात का गं?"

"अगं, ह्यांना सगळं चालतं. दगड पचवतील ही माणसं."

सगळे हसले. मीही हसलो. डबा दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणालो, "थँक्यू, मॅडम."

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. मी नर्स आहे. शिकून, परीक्षा देऊन झालेला नर्स. लोणावळ्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात हृदयाच्या पेशंटांच्या वॉर्डात काम करतो. तिथे मला ब्रदर म्हणतात. नातेवाईक उठून उभे राहतात. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, कुठली दिल्यावर पेशंटला एकदम उठू द्यायचं नाही, हे मी नव्या मुलींना शिकवतो. आणि वलवण धरणाजवळच्या त्या बंगल्याच्या व्हरांड्यात मी दुसऱ्याच्या औषधांचा डबा हातात घेऊन हसत होतो.

आमची वाडी धरणाच्या वर, डोंगराला टेकून आहे. वाडीवरच्या निम्म्या बाया खाली बंगल्यांवर कामाला येतात. माझी आई ऐन तरुणपणात आली ती तिथलीच झाली. वडील गेल्यावर गेटजवळची खोली तिला मिळाली. खोली म्हणजे चूल, खाट आणि देवाचा कोनाडा. पण लाइट होती, नळ होता. वाडीवर तेव्हा दोन्ही नव्हतं.

पाहुणे रविवारी संध्याकाळी मुंबईला परत गेले की उरलेलं आमच्याकडे यायचं. बिर्याणी, पावाच्या कडा, अर्धे केक. दुसऱ्याच्या वाढदिवसाचा केक मी लहानपणी भरपूर खाल्ला. त्यावर कधी नुसतं 'हॅपी' उरलेलं असायचं, कधी कुणाच्या तरी नावाचं शेवटचं अक्षर. स्वेटर यायचे. बूट यायचे, पुढे कागद कोंबून घालायचे. आई म्हणायची, "चालतंय की. काय वाईट हाय?"

चालतंय. हा शब्द आमच्या घरात मिठासारखा होता. सगळ्यात पडायचा.

डबा घेऊन मी खोलीत आलो. आईने तो माझ्या हातातून घेतला, आधी कपाळाला लावला, मग कोनाड्यात देवाशेजारी ठेवला.

"आये, राहू दे. मी बघतो आधी कसल्या आहेत त्या."

"त्यात काय बघायचंय? सायबाच्या हायेत. मला ठाव हाय समदं."

"तू तुझी सरकारी गोळी घे. तीच बरोबर आहे."

"ती फुकटची. पाण्यावानी. सायेब नव्वदीला टेकला ह्या गोळ्यांवर."

मला ड्यूटीला जायचं होतं. पुढच्या सुट्टीला येऊन डबा उचलू, असं मी ठरवलं. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण आहे. खरं कारण वेगळं होतं. कचऱ्याचा डबा गेटजवळ होता आणि व्हरांड्यातून गेट दिसतं. मी त्या गोळ्या फेकताना मॅडमना दिसलो असतो.

पुढची सुट्टी रद्द झाली. त्याच्या पुढच्या सुट्टीला गेलो, तेव्हा वैशाख लागला होता. समोरचा डोंगर करपून गेला होता. गवताची काडी नव्हती. आई दारातल्या दगडावर बसून तिकडे बघत होती. गालफडं बसली होती.

"जेवत न्हाई का गं?"

"तोंडाला चवच न्हाई. खाल्लेलं वर येतंय. ऊन बाधलं असंल." मग डोंगराकडे हात केला. "पर सोनकी बघ यंदा. कशी फुललीया."

सोनकी आमच्याकडे पाऊस सरता सरता फुलते. सगळा उतार पिवळा होतो. वैशाखात सोनकी म्हणजे शिमग्याला दिवाळी.

मी हसलो. "आये, कुटं सोनकी? मातीय नुसती."

"तुला दिसत न्हाई तर मी काय करू? मला समदं पिवळं दिसतंय. तो बंगलाबी पिवळाच केलाय की रंग देऊन."

बंगला पांढरा होता. कायम पांढराच होता.

"वाडीवरनं भगताला बोलव," ती म्हणाली. "धरणावरनं काय तरी लागलं असंल मला."

मी पुन्हा हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. चव नाही. उलटी. पिवळं दिसतंय. हे मी शिकलो होतो. नव्या मुलींना मीच सांगतो: डिगॉक्सिन अंगात साचलं की पेशंट जेवण टाकतो, ओकतो, आणि काहींना जग पिवळं दिसायला लागतं. हृदय दमलेलं असलं की ती गोळी त्याला जोर देते आणि त्याचा वेग आवरते. जरा जास्त झाली की वेग आवरता आवरता हृदय थांबवायलाच निघते. म्हणून ती देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजायचे. साठाच्या आत असले तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना कळवायचं. हा पहिला धडा.

मी आईचं मनगट धरलं.

एक ठोका. मग वाट बघावी लागली. मग दुसरा. मग इतकी वाट बघावी लागली, की मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"आये, कुठल्या गोळ्या घेतल्यास? खरं सांग."

"सायबासारख्याच. सकाळी चहाआधी ती बारकी पांढरी. न्याहारीवर गुलाबी. एक बी खाडा न्हाई केला." तिला अभिमान वाटत होता. "मीच पाणी न्यायची न्हवं त्याला. समदं पाठ हाय मला."

कोनाड्यातला डबा उघडला. बारकी पांढरी म्हणजे डिगॉक्सिन. गुलाबी म्हणजे मेटोप्रोलॉल, तीही नाडी मंद करणारी. दोन्ही मिळून. साहेब म्हणजे मॅडमचे सासरे. त्यांचं हृदय फुगलेलं होतं, ठोके वेडेवाकडे धावत होते, त्यांच्यासाठी कुणीतरी तोलूनमापून लिहून दिलेली ती जोडी होती. माझ्या आईच्या हृदयाला काही झालेलं नव्हतं. तिचा फक्त दाब वाढायचा, आणि त्याची गोळी तिने बंद करून टाकली होती.

"त्यांच्याकडे रोज एक सिस्टर यायची ना गं? गोळी देण्याआधी ती काय करायची?"

"हात धरून बसायची. घड्याळाकडं बघत. कवा कवा म्हनायची, आज पांढरी नको."

"मग तुझा हात कुणी धरला?"

आई हसली. "मला कशाला हात धराया पायजे? मी काय सायेब हाय?"

रिक्षा आणायला मी अनवाणीच पळालो. रोज दुसऱ्यांच्या आयांना स्ट्रेचरवर घेणारा माणूस मी. मी काम करतो तिथेच तिला नेलं. ईसीजी काढला. नाडी चाळिशीच्याही आत होती. शिरेतून औषध दिलं, रक्त तपासायला गेलं, मॉनिटर लावला. ड्यूटीवरच्या सिस्टर माझ्याच हाताखाली शिकलेल्या. त्या मला म्हणाल्या, "ब्रदर, तुम्ही बाहेर बसा." मी बाहेर बसलो. दुपारभर काचेतून पडद्यावरची रेघ बघत बसलो. ती रेघ दोन उंचवट्यांच्या मध्ये इतकी सपाट चालायची, की प्रत्येक वेळी वाटायचं, आता उठणार नाही.

डॉक्टर बाहेर आले. "ह्या गोळ्या कुणी लिहून दिल्या?"

"घरात होत्या, सर."

"घरात कुठून आल्या?"

"होत्या... जुन्या."

मी मॅडमचं नाव घेतलं नाही. आई आत मरणाशी झगडत होती आणि मी बंगल्याची अब्रू झाकत होतो. कुणी सांगितलं नव्हतं. जीभ आपोआप तशी वळली. इतक्या वर्षांचे केक तिच्यावर होते.

त्या बाकावर बसल्या बसल्या मला एक गोष्ट कळली. ती कळल्यापासून मी नीट झोपलेलो नाही. बंगल्यातून आमच्याकडे गोळी उतरली. तिच्यासोबत मनगट धरणारा हात उतरला नाही. तो वरच राहिला. उष्टं असंच असतं. ताट येतं, पंगतीतली जागा येत नाही. आणि माझ्या आईला ते इतकं पक्कं ठाऊक होतं, की हात धरणं हा औषधाचाच भाग आहे हे तिच्या मनातही आलं नाही. तिला तो साहेबांचा लाड वाटला. पायाला तेल लावतात तसा. आणि मी? मी रोज लोकांची मनगटं धरतो. पगार त्याचाच मिळतो. आईचं मनगट मी शेवटचं कधी धरलं होतं, मला आठवेना.

आई वाचली. अशक्त होती, पण डोंगर पुन्हा मातीचा दिसू लागला. तिने हट्टच धरला, म्हणून खोलीवर आणून सोडलं. शनिवारी मॅडम आल्या. आम्हा दोघांना व्हरांड्यात बोलावलं. पाहुणे होते. खुर्च्या त्याच होत्या.

"काय हे? घाबरवलंत ना मला! मी चांगल्या मनाने दिल्या होत्या हं." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू नर्स ना रे? तुला कळायला नको?"

हे खरं होतं. म्हणून जास्त लागलं. आजही लागतं.

"बरं, झालं ते झालं. आता ह्या घे." टेबलावर पुन्हा चिक्कीचा डबा. "माझ्या कोलेस्टेरॉलच्या आहेत. डॉक्टरांनी बदलून दिल्या. ह्याने काही होत नाही. ह्या वेळेस नीट बघून दे तिला."

आई पुढे झाली. दोन्ही हात पसरून. तिच्या हातावर सलाइनच्या सुईचा काळानिळा डाग होता. तिने डबा उचलला आणि कपाळाकडे नेला.

मी तो तिच्या हातातून काढून घेतला. टेबलावर ठेवला.

"मॅडम, ह्या चालणार नाहीत."

"का? एक्सपायरी लांब आहे अजून."

"गोळ्या चांगल्या असतील. आम्हाला चालणार नाहीत."

पाहुण्यांचे चमचे थांबले. तरी बोललो.

"साहेबांच्या गोळ्या तुम्ही द्यायला नको होत्या. मी घ्यायला नको होत्या. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. सोमवारी जाऊन खरं सांगणार आहे. कुणी दिल्या आणि कुणी घेतल्या, दोन्ही."

मॅडमचा चेहरा बदलला. "अच्छा. म्हणजे आता आम्ही विष घातलं." मग हळू, पाहुण्यांना हसून दाखवत, "बघा. चार बुकं शिकली की अशी होतात." मग आईला, "खोली पण चालत नसेल मग तुम्हाला."

"बाईसाहेब!" आई खाली वाकली. "पोरगं हाय. चुकलं त्याचं. मी घेते की गोळ्या, द्या हिकडं."

मी तिला दंडाला धरून उभं केलं. ती हिसके देत होती. ह्या झटापटीत पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, तिचं वजन किती कमी झालंय.

सोमवारी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "ब्रदर, हे तुमच्या हातून?" मी हो म्हणालो. ह्यापुढे कुणी विचारलं तरी हेच सांगणार.

खोली गेली. आई आता माझ्या घरी असते. माझ्याशी फारसं बोलत नाही. शेजारणीला सांगते, "माझं घर ह्यानं घालवलं." मी ऐकतो. तिला कसं सांगू, की ते आपलं घर नव्हतं? तिचं आयुष्य तिथे गेलंय. सकाळी तिला तिची सरकारी गोळी देतो. ह्या गोळीला नाडी मोजायची गरज नसते, दाब बघितला तरी पुरतं. मी दोन्ही करतो. ती तोंड भिंतीकडे फिरवते आणि हात पुढे करते.

सुट्टीच्या दिवशी मी वाडीवर जातो. दारोदार विचारतो, गोळ्या दाखवा. फळीवरून, उतरंडीतून, देवामागून डबे निघतात. चिक्कीचे, बिस्किटांचे. रक्त पातळ करणाऱ्या, लघवी वाढवणाऱ्या, नाडी मंद करणाऱ्या. कुठल्या कुठल्या मेलेल्या साहेबांच्या. म्हाताऱ्या मला म्हणतात, "आरं, भारीतल्या हायेत, राहू दे." मी राहू देत नाही. प्रत्येकीचं मनगट धरतो आणि सरकारी दवाखान्यात चल म्हणतो. काही येतात. काही शिव्या देतात.

ते डबे मी फेकत नाही. ज्या बंगल्याचा डबा, त्या बंगल्याच्या गेटवर जातो. मागच्या दाराने नाही. पुढची बेल वाजवतो. कुणी बाहेर आलं की डबा त्यांच्या हातात देतो आणि एवढंच सांगतो:

औषध द्यायचं असेल तर आधी मनगट धरायला माणूस पाठवा. नसेल जमत तर हे ठेवा तुमच्याकडे. आम्हाला चालत नाही.